पॅकेजमधून वगळलेला डॉक्टर

उजव्या हातात पेन नीट बसत नाही, म्हणून हे मी बोललो आणि माझ्या मुलीने, वैशालीने, लिहून घेतलं. तिने माझ्या बऱ्याच शिव्या गाळल्या आहेत. शिव्या गाळल्या म्हणून राग कमी झाला असं कोणी समजू नये. माझ्या मानेचं ऑपरेशन झालं. मी चालतो, जेवतो, भांडतो. पण हातातलं जे गेलं ते परत आलेलं नाही, आणि ज्यांच्या दारात ते गेलं ते आजही नव्या पेशंटला फुलांचा हार घालून आत घेताहेत. तेव्हा हे बरं झालेल्या माणसाचं आभारप्रदर्शन नाही. ज्यांच्या हाताला मुंग्या येताहेत आणि जे अजून ‘बघू’ म्हणताहेत, त्यांच्यासाठी हे आहे.

तिसरं बोट

मी श्रीगोंदा तालुक्यातला. जनावरांचा व्यापार करतो. आमच्याकडे अशा माणसाला हेडी म्हणतात. वडिलांनी मागे शेळीसुद्धा ठेवली नव्हती. दुसऱ्यांची जनावरं बाजारात हाकत नेण्यापासून मी सुरुवात केली. आज तालुक्यात मला सगळे आबा म्हणतात आणि जनावर घेताना माझ्याकडे एकदा बघून घेतात.

काष्टीच्या बाजारात आम्ही भाव तोंडाने करत नाही. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती कितीही गर्दी असली तरी कोणाला काही कळत नाही. या बोटांवरच मी घर बांधलं, मुलीचं लग्न केलं.

त्या दिवशी एका दुभत्या गाईचा सौदा होता. समोर मारुती, माझ्याच वयाचा व्यापारी. मी मान डोलावली आणि रुमाल काढला. पैसे द्यायला लागलो तर तो बघतच राहिला.

“आबा, झोपंत हायसा का? तीन धरली मी.”

“दोन धरली हुतीस. फिरू नको आता.”

“मी फिरतोय व्हय?” त्याने माझा हात सगळ्यांसमोर उघड्यावर धरला आणि एकेक बोट दाबलं. “ही एक. ही दोन. आन् ही तीन.”

लोक हसले. “आबा म्हातारं झालं,” कोणीतरी मागून म्हणालं. मी त्याच्या सात पिढ्या काढल्या. पण मारुतीने तिसरं बोट दाबलं तेव्हा मला दिसलं होतं, जाणवलं नव्हतं. ते मी तिथे कोणाला सांगितलं नाही.

मग आठवायला लागलं. गोठ्यात दाव्याची गाठ सुटून येत होती. पायातली चप्पल मागे राहायची आणि मी पुढे जायचो. बायको कमल म्हणायची, “अवो, चप्पल राह्यली की!” मला वाटायचं, चप्पल सैल झाली.

जो घासाघीस करत नाही

वैशाली नगरला, सावेडीत राहते. तिने मला ओढत मोठ्या डॉक्टरकडे नेलं. मशीनच्या बोगद्यात घातलं, आत कोणीतरी पत्र्यावर हातोडा मारतंय असा आवाज. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली आणि फिल्मकडेच बघत बोलले. मानेतल्या मणक्याने आतली मुख्य नस दाबली आहे. ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर.

“गोळ्यावर न्हाई का भागायचं?”

“नाही.”

“चार-सहा महिने थांबलो तर?”

“थांबू नका. जे गेलंय ते सगळं परत येईल असं मी सांगत नाही. जे राहिलंय ते जाऊ नये म्हणून ऑपरेशन. जितका उशीर कराल तितकं कमी वाचेल.”

“हात पहिल्यासारखा होईल याची गॅरंटी?”

“नाही.”

मी जरा हसून म्हणालो, “डाक्टरसाहेब, थोडं इकडं-तिकडं तर करा.” ते म्हणाले, “खर्चाचं खाली काउंटरवर विचारा,” आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

एवढंच. माझी मान चिरायची आणि बोलायला एवढाच वेळ! माझं डोकं फिरलं. बाजारात जो माणूस जराही हलत नाही, त्याच्याबद्दल आमचा अनुभव असा की काहीतरी गडबड आहे. एकतर त्याला विकायचं नाही, नाहीतर त्याला तुमची अडचण कळली आहे. मला वाटलं, या डॉक्टरला माझी अडचण कळली आहे. आज कळतं की तो एकटाच खरं बोलत होता, आणि खरं होतं म्हणूनच त्यात कमी-जास्त करायला जागा नव्हती. पण ते त्याने मला खुर्चीवर बसवून, माझ्या तोंडाकडे बघून सांगितलं असतं तर त्याचं काय गेलं असतं? हा राग माझा अजून आहे.

आणि भीती होती. ती मी कमललासुद्धा सांगितली नाही. मी जनावरांतला माणूस. गळ्याला सुरी लागलेलं जनावर परत गोठ्यात आलेलं मी पाहिलेलं नाही.

गाडीत वैशालीशी भांडण झालं. ती रडली. मी म्हणालो, माझी मान आहे, मी ठरवीन.

धरणाकाठचं केंद्र

मोबाईलवर कोणीतरी त्या केंद्राची माहिती पाठवली. अकोले तालुक्यात, धरणाच्या काठाला, डोंगरात. एकाच आवारात आयुर्वेदही आणि मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टरही. मुंबई-पुण्याची माणसं तिथे सुट्टी काढून येतात, परदेशातलीही येतात. उपचार होतात आणि सहलही होते. ऑपरेशन टाळा, असं सरळ लिहिलेलं नव्हतं. पण वाचणाऱ्याला जे वाचायचं असतं ते तो वाचतोच.

दारात हार घातला. शेणाने सारवलेल्या झोपड्या, त्यांना कुटी म्हणायचं, आणि आत एसी. अंगणात एक गाय बांधलेली. पाटी होती, शुद्ध गीर. शहरातल्या बायका तिच्या पाठीवरून हात फिरवून फोटो काढत होत्या. मी लांबूनच बघितलं. कपाळ सपाट, कान आखूड, वशिंड नावाला. संकरित गाय होती. केंद्राचे मालक, त्यांना सगळे ‘सर’ म्हणत, माझ्या शेजारी उभे होते. मी म्हणालो, “सर, ही गीर न्हाई.”

ते मोठ्याने हसले. “शेठ, तुम्ही पारखी माणूस! इथे येणाऱ्यांना कुठे कळतं?”

मीही हसलो. मला तो माणूस आवडला.

त्यांनी मला चहा नाही, कसला तरी गोड काढा दिला. सगळं ऐकून घेतलं. मारुतीचं, चपलेचं, नगरच्या डॉक्टरचं. मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, आपण दोन्ही बाजूंनी जाऊ. तेल, बस्ती, पथ्य आमचं. आणि दर आठवड्याला नाशिकचे मणक्याचे सर्जन येऊन तुम्हाला तपासतील. त्यांना वाटलं ऑपरेशन लागेल, तर त्याच दिवशी तुम्हाला घेऊन जातील. तोवर काळजी सोडा.

हे मला पटलं. मला कोणी ऑपरेशन चुकवून देतो म्हणालं असतं तर मी ऐकलं नसतं, इतका खुळा नव्हतो. मला पटलं ते लक्ष ठेवायला डॉक्टर आहे म्हणून.

मग भाव. तिथे मी रंगात आलो. दोनदा उठून दारापर्यंत गेलो. कमल मान खाली घालून बसली होती. शेवटी सर मागून आले आणि त्यांनी माझा हात धरला. मी विचारलं, “सगळं त्येच ना? काय कमी न्हाई करायचं.”

“शेठ, तुमच्यासाठी सगळं तेच.”

कुटीत गेल्यावर मी कमलला म्हणालो, “बघितलंस? नगरचा एक पैशानं हलला न्हाई. ह्यो बघ कसा आला खाली.”

ती म्हणाली, “आला खरा. लई लवकर आला.”

तेल

तेलाशी माझं भांडण नाही. हे मुद्दाम लिहायला सांगतोय. पहिल्या दिवशी अंगाला कोमट तेल लावलं आणि कित्येक महिन्यांनी मी गाढ झोपलो. पथ्याने पोट हलकं झालं. तिथल्या वैद्य मॅडम, तरुण पोरगी, हात धरून नाडी बघायच्या तेव्हा खरंच बघायच्या. त्यांनी मालिश करणाऱ्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “काकांच्या मानेला हात लावायचा नाही. आधी सर्जन बघू देत.”

पण सर्जन आला नाही. मी विचारलं तर ऑफिसमधली मुलगी म्हणाली, येतील. शेजारच्या कुटीत पुण्याचे एक गृहस्थ होते, त्यांचा गुडघा दुखायचा. त्यांच्याकडे एक डॉक्टर पांढऱ्या गाडीतून येऊन गेला. मी बाहेरच बसलो होतो. तो माझ्यासमोरून गेला. मला वाटलं, हा गुडघ्यांचा असेल.

वैद्य मॅडम दोन दिवस नव्हत्या तेव्हा मालिशवाल्याने मान धरली. चांगला मुलगा होता, सेवा करावी म्हणूनच त्याने धरली. “शेठ, आखडलीय. मोकळी करतो.” त्याने डोकं पुढे वाकवलं आणि जरा ओढलं. मानेपासून कमरेपर्यंत विजेचा झटका गेला. मी ओरडलो. तो म्हणाला, “नस मोकळी झाली.”

दुसऱ्या आठवड्यात मी नाश्त्याला जाताना फरशीवर आडवा झालो. पाय उचलला असं मला वाटलं होतं. तो उचललाच गेला नव्हता. उठायला हात टेकला तर हात मुडपला. पुण्याच्या गृहस्थांनी आणि कमलने मला उभं केलं.

वैद्य मॅडम धावत आल्या. पायावर हातोडी मारून बघितली, तळव्यावर किल्ली ओढली. त्यांचा चेहरा उतरला. “काका, सर्जन काय म्हणाले मागच्या वेळी?”

“आलेच न्हाईत.”

त्या ऑफिसात गेल्या. परत आल्या तेव्हा दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “काका, तुमच्या पॅकेजमध्ये सर्जनची भेट नाहीये. आजच नगरला जा. आत्ता.”

त्या बाईंनी नोकरीची पर्वा न करता हे सांगितलं, म्हणून मी चालतोय. आणि पहिल्याच दिवशी ‘तुम्ही इथे थांबूच नका’ असं का नाही सांगितलं, हेही मला त्यांना विचारायचं आहे.

कमलने मला धरून सरांकडे नेलं. मी टेबलावर हात आपटला. तोही नीट आपटला गेला नाही.

“डॉक्टर कुठंय माझा?”

सर शांत होते. “शेठ, आवाज नको, गेस्ट आहेत. तुम्ही जो भाव केलात त्यात व्हिजिटिंग सर्जन कसा बसणार? तुम्ही व्यापारी माणूस. तुम्हाला कळायला हवं होतं.”

मी त्यांना जे बोललो ते वैशालीने गाळलं आहे. जे गाळलं नाही ते एवढं: आमच्या बाजारात आम्ही भाव कितीही पाडला तरी जनावर तेच हातात येतं. भाव उतरवला म्हणून कोणी गाईचा एक सड कापून देत नाही. जनावराला खोड असेल तर ती तोंडावर सांगायची असते. लपवलेली खोड निघाली तर विकणारा खाली मान घालून जनावर परत नेतो. आम्हाला लोक अडाणी म्हणतात. आमच्यात एवढी लाज आहे.

गाडी नगरच्या रस्त्याला लागली. संगमनेर मागे पडल्यावर कमल म्हणाली, “अवो, डाक्टरावर बी रुमाल टाकला का तुमी?”

मी तिच्यावर खेकसलो. ती परत त्यावर कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

वॉर्ड

त्याच नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. ‘मी सांगितलं होतं’ असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी टाचणीने माझे हातपाय टोचून बघितले आणि विचारलं, “मध्ये काय केलंत?” मी सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले. पहिल्यांदा बसले. “आधी जितकं वाचवता आलं असतं तितकं आता नाही वाचणार,” ते म्हणाले.

नंतरचे दिवस फिनेलच्या वासाचे. पहाटे ताप बघायला उठवायचं, मग फरशी पुसायची, मग चहा यायचा आणि तो गिळवायचा नाही, कारण गळ्यातून पाणी जाताना काच गेल्यासारखं वाटायचं. मानेला पट्टा, लघवीला नळी. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचं ऐकून घेतलं नाही त्याला कुशीवर वळायला हाक मारावी लागत होती. मी नर्सवर ओरडायचो, कमलवर ओरडायचो. एकदा कमल म्हणाली, “वरडा. आवाज तरी शाबूत हाय ह्ये कळतं.” आणि बाहेर जाऊन रडून आली. डोळे धुऊन आली होती, तरी कळलं.

वॉर्डात झाडायला येणारी एक बाई माझा आवाज ऐकून थबकली. “आबा ना तुमी? माझ्या बापाला कालवड दिल्ती तुमी. लई दूध दिलं तिनं.” दुसऱ्या दिवशी तिने घरून ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, अगदी पातळ करून आणली. ती पहिली गोष्ट जी गळ्याखाली न दुखता उतरली. मी तिला काही देऊ केलं तर तिने हात मागे घेतला. मला कसं वागावं कळेना. घेण्या-देण्याशिवाय मला फारसं येत नाही.

पाय आले. आधी काठीने चाललो, मग तसाच. डावा हात बराच आला. उजव्याची शेवटची दोन बोटं आणि मधलं, तिथे अजून कापूस भरल्यासारखं आहे. व्यायाम शिकवणारी मुलगी वाटीत हरभरे टाकून वेचायला लावते. मी वेचतो. ते सांडतात. परत वेचतो. बाजारात जातो, पण सौदा पुतण्या करतो. मी लांबून जनावर बघतो.

माझाच चेहरा

एक गोष्ट मी केंद्रावर रागावण्याच्या भरात सांगायची टाळत होतो. वैशाली म्हणाली, ती आलीच पाहिजे. तिथे पहिली झोप लागली त्याच्या दुसऱ्या सकाळी सर मोबाईल घेऊन आले होते. “शेठ, दोन शब्द बोला.” मी बोललो. “नगरचा डाक्टर कापायला निघाला हुता, हितं मला एका रातीत फरक पडला.” सगळ्या आयुष्यात मी फुकट दिलेली ती एकच वस्तू. ती अजून फिरते आहे. मी नोटीस पाठवली, तक्रार केली, फोनवर शिव्या दिल्या. एका ठिकाणाहून काढतात, दुसऱ्या ठिकाणी येते.

मागच्या महिन्यात श्रीरामपूरहून एका बाईचा फोन आला. नंबर तिने माझ्या गावावरून, कोणाकोणाला विचारून शोधला होता. नवरा शिंपी, हाताला मुंग्या, कात्री चालत नाही. इथल्या डॉक्टरांनी मानेचं ऑपरेशन सांगितलंय. तुमचा व्हिडिओ बघितला, म्हणून तिकडे जायचं ठरवलंय.

मी तिला सगळं सांगितलं, ओरडून सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “पण भाऊ, व्हिडिओत तर तुम्ही चांगले दिसता.” आणि वर विचारलं, “तुम्हाला किती कमी केलं त्यांनी?”

मी फोन ठेवला. दुसऱ्या सकाळी पुतण्याला गाडी काढायला लावली आणि श्रीरामपूर गाठलं.

शिंपी माझ्यापेक्षा लहान, सभ्य माणूस. मशीनवर ब्लाउजांचा ढीग. मी म्हणालो, “उठा. गाडी दारात हाय. नगरला चला.”

“आज कसं? लग्नसराई आहे. एवढी संपू द्या.”

“आज.”

“मग पौर्णिमेनंतर.”

“आज म्हणलं ना.”

“आबा, लोकांचे कपडे शिवून द्यायचे आहेत. पंधरा दिवस तरी.”

“तुमची सुई कोन ओवतं आता?”

बायको म्हणाली, “मीच ओवते.”

मी पंधरा दिवसांवरून आठावर आणलं, आठावरून सोमवारवर. तिथे तो अडला आणि मीही दमलो. इतका घट्ट सौदा मी कधी केला नव्हता, आणि तरी मधले दिवस माझ्या हातून सुटले होते. मला माहीत होतं मधल्या दिवसांत काय जातं.

सोमवारी सकाळपासून मी नगरच्या हॉस्पिटलच्या पायऱ्यांशी उभा होतो. माझे डॉक्टर जाता जाता म्हणाले, “तुमची तारीख आज नाहीये.” मी म्हणालो, “माझी न्हाई.” दुपार झाली. मी दोनदा फोन केला, कोणी उचलला नाही. शेवटी एसटी स्टँडकडून रिक्षा आली. आधी बायको उतरली, मग तो. पायरीकडे येताना त्याचा डावा पाय जमिनीवरून घासत येत होता. मी श्रीरामपूरला गेलो तेव्हा तो पाय चांगला होता.

उशीर केला म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर शिवी हासडली, आणि त्याचा दंड धरून त्याला आत नेलं.